दर आखाजीला गाडी गरम होते? काटा नेमका कधी चढतो ते आधी पाहा

तक्रार एकच असते आणि ती दरवर्षी येते. थंडीत गाडी झकास चालते. वैशाख लागतो, आखाजीसाठी, म्हणजे अक्षय तृतीयेसाठी, बहिणीला माहेरी आणायला मुराळी निघतो, गाडीत पाच माणसं, डिकीत सामान, एसी फुल्ल. मग धुळ्याबाहेर लळिंगची चढण किंवा चाळीसगावच्या पुढे कन्नड घाट लागला की टेम्परेचरचा काटा लालाकडे सरकायला लागतो. गाडी कडेला लावायची, बॉनेट उघडायचं, अर्धा तास थांबायचं, ढाब्यावरून पाणी आणून ओतायचं आणि पुढे निघायचं. पावसाळा आला की तक्रार आपोआप जाते आणि पुढच्या आखाजीला परत येते. “ऊनच इतकं आहे, गाडी तरी काय करेल?” एवढ्यावर विषय संपतो.

ऊन आहेच. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, हे इथे कुणाला सांगायची गरज नाही. पण ठाकठीक असलेली गाडी ४५ अंशांतही गरम होऊन थांबता कामा नये. राजस्थानात याच गाड्या याच उन्हात चालतात.

हिशोब असा आहे. चालू इंजिनातलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला आत फिरणारं पाणी-रसायनाचं मिश्रण, साधारण ९० अंशांवर असतं. रेडिएटर ती उष्णता बाहेरच्या हवेला देतो, आणि तो किती देऊ शकेल हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. जानेवारीच्या सकाळी हवा २० अंशांवर असेल तर हा फरक ७० अंशांचा. मे महिन्यात भर दुपारी हवा ४५ वर गेली की फरकही ४५ च उरतो. त्यात तापलेल्या डांबरालगतची हवा आणखी गरम, आणि रेडिएटरच्या पुढ्यात बसलेला एसीचा कंडेन्सर आपली उष्णता त्याच हवेत सोडतो. म्हणजे उन्हाळ्यात रेडिएटरची ताकद निदान तिसऱ्या हिश्श्याने घटते. गाडी बनवणाऱ्यांनी हे धरूनच जास्तीची क्षमता दिलेली असते. ती एखाद्या बिघाडाने आधीच खाल्ली असेल, तर थंडीत पत्ता लागत नाही. मे महिन्यात लागतो. पाणी ओतून तुम्ही वेळ मारून नेता, बिघाड तिथेच राहतो.

म्हणून पाना हातात घेण्याआधी आणि गॅरेजवाल्याला फोन करण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर नीट द्या: काटा चढतो कधी?

चढण्याची वेळ काय सांगते

गाडी उभी असताना किंवा रांगत असताना काटा चढतो आणि मोकळा रस्ता मिळून वेग घेतला की खाली येतो, असं असेल तर नव्वद टक्के संशय फॅनवर घ्या. गाडी वेगात असते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो. रेल्वे फाटक, टोलनाका, लग्नाच्या मंडपाबाहेरची गर्दी अशा ठिकाणी सगळी भिस्त फॅनवर असते.

याच्या उलट, गावात काही होत नाही पण हायवेवर अर्धा-पाऊण तास ८०-९० ने चालवली की काटा हळूहळू वर जातो, तर फॅन सोडून द्या. तिथे रेडिएटर कमी पडतोय. एकतर तो आतून खार धरून बुजलाय, किंवा बाहेरून कचऱ्याने झाकलाय, किंवा थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप) पूर्ण उघडत नाही. क्वचित खालचा होज पाईप आतून सैल होऊन जास्त रेसला चपटतो आणि पाण्याची वाटच अडवतो. वयस्कर गाडीत हाही पाईप दाबून बघा. फार मऊ लागला तर बदला.

फक्त घाटातच त्रास होत असेल तर बहुतेक वेळा हाच दुसरा प्रकार असतो, पण अजून सुरुवातीच्या टप्प्यात. यंदा घाटात होतंय ते दोन वर्षांनी सपाटीवर व्हायला लागेल.

काटा केव्हाही चढतो, त्याला काही नेम नाही, आणि दर आठवड्याला पाण्याची पातळी खाली गेलेली दिसते, तर गळती आहे किंवा त्याहून वाईट म्हणजे हेड गॅसकेट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या जोडातलं सील) गेलंय. काटा एकदम वर जातो, एकदम खाली येतो, पुन्हा वर जातो, असं असेल तर आत हवा अडकली आहे किंवा कूलंट इतकं कमी झालंय की सेन्सर कधी पाण्यात, कधी वाफेत असतो. इथे एक धोका लक्षात ठेवा: कूलंट पूर्ण निघून गेलं तर कोरडा पडलेला सेन्सर तापमान कमी दाखवू शकतो. बॉनेटमधून वाफ येतेय आणि काटा मात्र शांत, असं दिसलं तर काट्यावर विश्वास ठेवू नका. गाडी बंद करा.

बऱ्याच नव्या गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो. साधारण ८० ते १०५ अंशांमध्ये कुठेही असलं तरी तो मध्यावरच दिसतो, आणि हलला की समजा बराच उशीर झालाय. काही छोट्या गाड्यांत काटाच नसतो, निळा आणि लाल असे दोन दिवे असतात. निळा म्हणजे इंजिन अजून थंड, लाल म्हणजे थांबा. अशी गाडी असेल तर वरची लक्षणं काट्यावरून कळणार नाहीत. मग एसीकडे लक्ष द्या. बऱ्याच गाड्यांत इंजिन फार तापलं की कॉम्प्रेसर आपोआप बंद होतो. चढणीवर एसीतून अचानक कोमट हवा यायला लागली तर ती पहिली सूचना समजा.

फॅन तपासायला गॅरेज लागत नाही

थंड गाडी चालू करा, एसी लावा, पुढे जाऊन ऐका. बहुतेक गाड्यांत एसी लावला की फॅन काही सेकंदांत फिरायला लागतो. मग एसी बंद करून गाडी तशीच न्यूट्रलमध्ये चालू ठेवा आणि काट्याकडे लक्ष द्या. काटा मध्यावर येऊन थोड्या वेळात फॅन आपोआप लागायला हवा आणि थोड्या वेळाने बंद व्हायला हवा. एसीवर लागतो पण एरवी लागत नाही, तर सेन्सर किंवा त्याचं वायरिंग. दोन्ही वेळी लागत नाही, तर आधी फ्यूज, मग रिले, मग मोटर. फिरतो पण हळू फिरतो, तर मोटरचे ब्रश झिजलेत किंवा दोन वेगांच्या फॅनचा एक वेग गेलाय. हा शेवटचा प्रकार सर्वांत फसवा, कारण बघणारा म्हणतो “फॅन तर चालू आहे.”

फॅनजवळ हात नेताना चावी काढलेली असली तरी जपा. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही फॅन अचानक लागतो.

आणि फॅन डायरेक्ट करून घेऊ नका. रिले सोडून थेट वायर टाकून फॅन कायम चालू ठेवायचा उपाय बरेच इलेक्ट्रिशियन सुचवतात. योग्य फ्यूज नसलेली ती एक वायर उन्हाळ्यात तासन्‌तास करंट ओढत राहते. गाडी पेटायला एवढं पुरतं.

कापसाची रुई आणि गव्हाचा भुसा

आता खास आपल्या भागातली गोष्ट. माझ्या मते खान्देशातल्या निम्म्या तरी ‘गरम होणाऱ्या’ गाड्यांचं दुखणं इथे असतं, आणि गॅरेजमध्ये ते सर्वांत शेवटी पाहिलं जातं.

दिवाळीपासून होळीपर्यंत रस्त्यांवर कापूस असतो. उघड्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, वर दोर बांधलेले ट्रक, जिनिंगच्या आसपासचा सगळा रस्ता पांढरा. हवेत उडणारी रुई समोरून येणाऱ्या गाडीच्या जाळीत शिरते. मग फेब्रुवारी-मार्चात हरभरा आणि गव्हाची मळणी, भुसा. रात्रीच्या प्रवासातले किडे त्यावर. म्हणजे आखाजीला तुम्ही निघता तेव्हा सहा महिन्यांचा माल रेडिएटरपुढे जमा झालेला असतो.

आमच्या गल्लीतल्या एका आबांची गाडी दोन उन्हाळे अशी तापत होती. थर्मोस्टॅट बदलून झाला, वॉटर पंप बदलून झाला, गॅरेजवाल्याने शेवटी हेड उघडायचं बोलून दाखवलं. समोरून बॅटरी (टॉर्च) मारली तर सगळं स्वच्छ, कारण दर रविवारी गाडी धुतली जायची. पण समोर दिसतो तो एसीचा कंडेन्सर. रेडिएटर त्याच्या मागे, मधे बोटभर फट. रेडिएटरचे वरचे दोन ब्रॅकेट खोलून तो थोडा मागे झुकवला आणि त्या फटीत वरून बॅटरी धरली. रेडिएटरच्या पंख्यांवर (फॅन नव्हे, नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांवर) करड्या रंगाचा सलग थर होता. रुईचे तंतू, त्यात अडकलेला भुसा, धूळ, मेलेले किडे, आणि पावसाच्या पाण्याने ते सगळं चिकटून घट्ट झालेलं. कोपऱ्यात नखाने उचकटलं तर हाताएवढा तुकडा एका ओढीत निघाला. त्याच्या मागचे पंखे नव्यासारखे चमकत होते. हेड उघडायची वेळ आली नाही.

तर हे करा. होळीनंतर, उन्हाळा चढायच्या आत, एकदा ही फट उघडून साफ करून घ्या. इंजिन पूर्ण थंड असताना, साध्या नळीच्या पाण्याने, आणि इंजिनाच्या बाजूने पुढच्या बाजूला पाणी मारा, म्हणजे कचरा ज्या वाटेने आला त्याच वाटेने बाहेर जाईल. पुढून मारलेलं पाणी तो आणखी आत रेटतं. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन रेडिएटरवर धरू देऊ नका. पंखे कागदासारखे पातळ अॅल्युमिनियमचे असतात, गनच्या धारेने आडवे पडतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. आडवे पडलेले पंखे बारीक चिमट्याने सावकाश सरळ करता येतात. वेळ लागतो, पण होतं. पाणी मारताना अल्टरनेटर आणि वायरिंगचे जोड प्लास्टिकने झाका.

पाणी बदला, पण कशाने?

दुसरं मोठं कारण बोअरचं पाणी. आपल्याकडे बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आहे. घरातली बादली, गिझर, कूलरची जाळी बघा. पांढरा खार दिसतो. तेच पाणी रेडिएटरमध्ये ९० अंशांवर फिरत राहतं आणि तोच खार आतल्या बारीक नळ्यांत बसतो. वर्षानुवर्षं ‘थोडं पाणी टाक’ करत राहिलं की बाटलीतलं कूलंट नावापुरतं उरतं. त्यातलं गंजरोधक रसायन पातळ होतं, आतलं अॅल्युमिनियम आणि लोखंड गंजतं, आणि बाटली उघडली की चहाच्या रंगाचं पाणी दिसतं. हा रंग दिसला की उशीर करू नका.

कूलंटमध्ये मुख्य घटक इथिलीन ग्लायकॉल असतो. बाजारात दोन प्रकार मिळतात: वापरायला तयार, आणि कॉन्सन्ट्रेट, ज्यात तेवढंच पाणी मिसळावं लागतं. डब्यावर नीट वाचा. कॉन्सन्ट्रेट तसंच ओतलं तर गाडी जास्त थंड राहील असं अनेकांना वाटतं, होतं उलट. निव्वळ ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. अर्धं कूलंट, अर्धं पाणी हे प्रमाण योग्य, आणि ते पाणी डिस्टिल्ड असावं, म्हणजे बॅटरीत टाकायला मिळतं ते. रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं, गुलाबी हे रंग कंपन्यांनी आपापल्या सोयीने दिलेले आहेत. एकाच रंगाची दोन कूलंट आतून वेगळी असू शकतात. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तो घ्या, आणि बदलायची मुदतही तिथलीच पाळा. जुन्या पद्धतीची कूलंट साधारण दोन वर्षांत बदलायची असतात, नवी पाच वर्षं किंवा त्याहून जास्त टिकतात.

बदलताना आधी सगळं जुनं काढून डिस्टिल्ड पाण्याने दोन-तीनदा धुवून घ्या, निघणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत. भरल्यावर आत अडकलेली हवा काढणं फार महत्त्वाचं आहे. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवायचं, फॅन दोनदा लागू द्यायचा, गाडी गार झाल्यावर पातळी पुन्हा बघायची. कूलंट बदलल्यावरच गाडी गरम व्हायला लागली, असं कुणी सांगितलं तर बहुतेक हवाच राहिलेली असते.

काढलेलं कूलंट अंगणात किंवा गोठ्याजवळ ओतू नका, हे कळकळीने सांगतो. ते गोडसर लागतं, जनावर चाटतं, आणि ते विष आहे. कुत्र्याला थोडंसंही पुरतं. डब्यात भरून झाकण लावून गॅरेजमध्ये द्या, मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

दोनशे-चारशे रुपयांचं झाकण

रेडिएटरची किंवा कूलंटच्या बाटलीची कॅप हा सर्वांत स्वस्त भाग आणि सर्वांत दुर्लक्षित. साधं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं, अर्धं-अर्धं मिश्रण १०६ च्या आसपास. कॅप आत दाब धरून ठेवते, म्हणून तेच मिश्रण १२५ अंशांपर्यंत उकळत नाही. कुकरचं रबर सैल झालं की शिट्टी होत नाही, तसंच इथे: कॅपचं रबर कडक झालं, त्याला चीर पडली किंवा आतली स्प्रिंग ढिली झाली, की दाब टिकत नाही आणि कूलंट आधीच उकळून बाहेर फेकलं जातं. उंचीवर तर आणखी लवकर. तोरणमाळ हजार मीटरहून उंच आहे. तिथे दाब नसलेलं साधं पाणी ९६-९७ अंशांनाच उकळतं. शहाद्याहून वर जाताना गाडी सगळी चढण चढते आणि माथ्यावर पोहोचून उभी केली की बाटली उकळायला लागते, त्यामागे अनेकदा एवढंच असतं. काठोकाठ भरलेली बाटली आणि नंतर थंड झाल्यावर रेडिएटर अर्धा रिकामा, हेही खराब कॅपचं लक्षण. बाहेर गेलेलं कूलंट परत आत ओढलं जात नाही. कॅपवर दाबाचा आकडा छापलेला असतो, ०.९, १.१ असा. नवी कॅप त्याच आकड्याची घ्या. जास्त आकड्याची घेऊन जास्त सुरक्षित होत नाही, जुने पाईप फुटतात.

“थर्मोस्टॅट काढून टाकू का?”

नाही. हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की यावर स्पष्ट बोलायला हवं. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो आणि इंजिनाला हवं ते तापमान राखतो. तो काढला की थंडीत इंजिन वेळेवर तापत नाही, मायलेज पडतं, इंजिनची झीज वाढते. आणि काही इंजिनांत तर थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करत असतो. तो नसला की बरंचसं कूलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरत राहतं आणि गाडी आणखी तापते. तो अडकला असेल तर नवा बसवा. शंका असेल तर काढून पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडून बघा. पाणी उकळायच्या आत तो उघडला पाहिजे. जुन्या गाडीत आधीच कुणी काढून टाकला असेल, हेही तपासा. सेकंडहँड गाडी घेतलेल्यांनी तर नक्कीच.

पाणी जातंय, पण दिसत नाही

सकाळी गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. डाग कुठे पडतो ते सांगतो: पुढे मधे असेल तर रेडिएटर, बेल्टच्या बाजूला असेल तर वॉटर पंप. पंपाला खाली एक बारीक भोक असतं. तिथून ओघळ किंवा वाळलेला रंगीत डाग दिसला की पंपाचं सील गेलं. आजच्या रेडिएटरना वर किंवा बाजूला प्लास्टिकच्या टाक्या असतात, त्यांच्या जोडावर केसाएवढी चीर जाते आणि ती गरम असतानाच गळते. पायाखालचं कार्पेट ओलं आणि काचेवर आतून चिकट धुकं, म्हणजे हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय.

सीएनजी गाडीवाल्यांनी एक जागा जास्तीची बघायची. गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर गार पडून गोठू नये म्हणून त्याला गरम कूलंटची लाईन दिलेली असते. त्यासाठी होज पाईप कापून टी-जोड आणि क्लिपा घातलेल्या असतात, आणि बाहेरून किट बसवलं असेल तर ह्या क्लिपाच आधी सैल होतात. पेट्रोलवर असतानाचा मिस्तरी तिकडे बघतही नाही.

पुठ्ठा कोरडा, कार्पेट कोरडं, तरी पाणी जातंय? मग हेड गॅसकेट. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, सकाळी चालू करताना गाडी थोडी झटके देते, बाटलीत सतत बुडबुडे, इंजिन तापायच्या आधीच वरचा पाईप दगडासारखा कडक, ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय. यातलं एकच दिसलं तर घाबरू नका, दोन-तीन एकत्र दिसली तर गाडी चालवू नका. निळं रसायन असलेली एक तपासणी असते, त्यात कूलंटमध्ये इंजिनचा धूर शिरत असेल तर रसायन पिवळं होतं. हेड उघडण्याआधी ती करून घ्यायचा आग्रह धरा.

रस्त्यात काटा चढलाच तर

आधी एसी बंद. मग, ऐकायला विचित्र वाटेल, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल्ल. हीटर हा आणखी एक छोटा रेडिएटरच आहे. तो इंजिनची उष्णता केबिनमध्ये ओढून घेतो. काचा खाली करा, पाच मिनिटं घाम येईल, पण काटा थोडा तरी उतरतो आणि सुरक्षित जागा गाठायला वेळ मिळतो. घाटात वळणावर थांबू नका. रुंद जागा बघा, इंडिकेटर चारही लावा, त्रिकोण मागे ठेवा, माणसांना कठड्याच्या आत उभं करा, मुलांना आणि म्हाताऱ्यांना सावलीत. वाफ दिसत असेल किंवा लाल दिवा लागला असेल तर मात्र पुढे रेटायचं नाही, तिथेच इंजिन बंद.

कॅप उघडायची नाही. फडकं धरूनही नाही. दाबाखालचं कूलंट झाकण फिरवताच उसळतं आणि चेहरा, हात, छाती भाजते. निदान पाऊण तास थांबा. वरचा होज पाईप हाताने दाबता येईल इतका गार आणि मऊ झाला की जाड फडकं ठेवून कॅप अर्धा फेरा फिरवा, सुस्कारा जाऊ द्या, मग काढा. पाणी घालायचं तर इंजिन गार झाल्यावर, सावकाश. तापलेल्या अॅल्युमिनियमच्या हेडवर गार पाणी ओतलं की हेड वाकतं किंवा तडकतं, आणि तीनशे रुपयांच्या पाईपचं काम इंजिन कामापर्यंत जातं. इंजिनावर बाहेरून पाणी शिंपडणंही याचसाठी टाळा. नाइलाजाने साधं पाणी टाकावं लागलं तर टाका, पण घरी आल्यावर ते काढून योग्य मिश्रण भरा. डिकीत उन्हाळाभर दोन लिटर तयार कूलंट, पाच लिटर पाणी, दोन होज क्लिपा, एक स्क्रूड्रायव्हर ठेवा. पिण्याचं पाणी वेगळं.

पाणी भरल्यावर लगेच परत उकळलं तर चालवत नेऊ नका. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा नंबर आहे, कुणाला त्रास होत असेल तर ११२.

चढण चढताना

वरच्या गिअरमध्ये इंजिन घोगरं होऊन ओढतंय तरी खालचा गिअर टाकायचा नाही, ही सवय गाडी तापवते. इंजिनचा वेग कमी म्हणजे वॉटर पंपही हळू फिरतो आणि भार मात्र पूर्ण. कन्नड घाटात, पळासनेरच्या पुढे बिजासन घाटात, नांदुरीहून वणीच्या गडावर जाताना तिसऱ्याऐवजी दुसरा टाका, इंजिन मोकळं फिरू द्या. ट्रकच्या मागे चिकटून जाऊ नका. त्याच्या सायलेन्सरची आणि इंजिनची गरम हवा तुमच्या रेडिएटरला मिळते. माथ्यावर पोहोचल्यावर लगेच बंद करू नका, मिनिट-दोन मिनिटं न्यूट्रलमध्ये चालू ठेवा. टर्बो डिझेल असेल तर हे कायमच पाळा. आणि शक्य असेल तर घाट सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर गाठा.

टायरचं थोडक्यात. हवा सकाळी गार टायरमध्ये भरा, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे, पूर्ण भाराचा आकडा वेगळा असतो तो. दुपारी चालून आल्यावर दाब तीन-चार पीएसआयने वाढलेला दिसेल; तो कमी करू नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी फार वयाचा टायर मे महिन्यात सिमेंटच्या रस्त्यावर नेऊ नका. स्टेपनीची हवाही बघा.

दुरुस्ती झाली का, हे कसं कळणार?

बाटलीवर गार असताना कूलंटच्या पातळीला मार्करने रेघ मारा, तारीख लिहा. आठवडाभर रोज सकाळी, गाडी सपाट जागी असताना बघा. रेघ हलली नाही तर गळती नाही. मग भर दुपारी, दोन माणसं बसवून, एसी लावून जवळची चढण एकदा चढून या. धुळेकरांना लळिंग आहे, चाळीसगावकरांना कन्नड घाट, जळगावकरांना फर्दापूरच्या पुढे अजिंठा घाट. वर पोहोचल्यावर एसी चालूच ठेवून पाच मिनिटं उभे राहा. इथे काटा मध्यावर राहिला आणि फॅन ऐकू आला तर गाडी आखाजीला तयार आहे. पुन्हा चढला, तर गॅरेजवाल्याला “गाडी गरम होते” एवढंच सांगू नका. उभी असताना की चालताना, किती वेळाने, एसी चालू होता का, पाणी किती उतरलं, फॅन फिरत होता का, हे कागदावर लिहून त्याच्या हातात द्या.